मलमाच्या ट्यूबवरची लाल रेघ

माझ्या मुलाला तान्हेपणापासून इसब आहे. आधी गालांवर होता, मग कोपरांच्या नि गुडघ्यांच्या लवणीत उतरला, आणि आता मुलगा कॉलेजात गेल्यावर मानेवर नि हातांवर ठाण मांडून बसला आहे. डॉक्टर त्याला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. घरात मलमांच्या ट्यूबा सतत येत राहिल्या, तशी त्यांच्या दुष्परिणामांची माहितीही साठत गेली. काही डॉक्टर मॅडमना खोदून खोदून विचारली, काही माहितीपत्रकांतून वाचली, आणि काही नात्यागोत्यात, शेजारीपाजारी डोळ्यांनी पाहिली. लहान बाळांच्या आया फोन करतात, "काकू, डॉक्टरांनी हे मलम दिलंय, पण यात स्टेरॉइड आहे म्हणे. लावू का?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा काय विचारायचं ते तरी ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

१. औषधाचं नाव वाचा, टक्केवारीवर जाऊ नका

ट्यूबवर कंपनीनं ठेवलेलं नाव ठळक असतं आणि आतल्या औषधाचं नाव बारीक. आपल्या कामाचं ते बारीक. इसबाची बहुतेक मलमं स्टेरॉइडची असतात, पण स्टेरॉइडमध्येही पायऱ्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बीटामेथासोन व्हॅलरेट ही मधल्या पायऱ्यांवरची. क्लोबेटासोल सगळ्यांच्या वर.

इथं टक्केवारी हमखास चकवते. हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूबवर १ टक्का लिहिलेलं असतं आणि क्लोबेटासोलच्या ट्यूबवर ०.०५ टक्के. माझ्या जाऊबाई दोन्ही ट्यूबा हातात घेऊन म्हणाल्या, "मग ही शून्य पूर्णांकवाली हलकी असणार, हीच बाळाला लावू." प्रत्यक्षात क्लोबेटासोल कितीतरी पटींनी जहाल आहे. वाटीभर ढोबळी मिरची आणि चिमूटभर लवंगी मिरची यांत तिखट कोण, हे वजनावरून ठरत नाही. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये, आणि मोठ्या माणसानंही आठवड्याला ५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

आणखी एक. तेच औषध त्याच टक्केवारीत क्रीममध्येही मिळतं आणि तेलकट मलमातही. मलम कातडीवर थर धरून राहतं, म्हणून औषध सहसा जास्त मुरतं. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच घ्यावं. "क्रीम नाही, मलम देऊ का ताई, एकच आहे" याला हो म्हणायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

२. कातडी सगळीकडे सारखी नसते

१९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन अंगावर निरनिराळ्या जागी लावून ते किती शोषलं जातं हे मोजलं. हाताच्या कोपराखालच्या भागात शोषलं जातं ते प्रमाण १ धरलं, तर तळपायाला ते ०.१४ निघालं, डोक्याच्या कातडीला ३.५, कपाळाला ६, जबड्याजवळ १३ आणि अंडकोषाच्या कातडीला ४२. हे आकडे मी फ्रिजच्या दारावर लावून ठेवले होते. भेगाळलेल्या टाचेला जे मलम जेमतेम पोचतं, तेच जांघेत किंवा पापणीवर लावलं तर किती आत जाईल, याचा अंदाज त्यावरून येतो.

पापणीची गोष्ट तर वेगळीच. डोळ्यांभोवती जहाल स्टेरॉइड दीर्घकाळ लागत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. म्हणून मलम लावून झालं की हात धुवायचे, नाहीतर तेच बोट डोळ्यात जातं. इसब हातांवरच असेल तर अर्थात धुऊन चालणार नाही, तेव्हा निदान डोळे चोळायचे नाहीत.

बाळांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. त्यांच्या वजनाच्या मानानं अंगाची कातडी मोठ्यांपेक्षा जास्त, आणि वरून डायपर. डायपरखाली मलम झाकलं जातं, गरम ओलसर राहतं आणि भराभर आत शिरतं. एकदा बाह्यरुग्ण विभागात आमच्या शेजारी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. बाळाचा चेहरा गोल गरगरीत. रांगेतल्या बायका कौतुकानं गाल ओढत होत्या, "किती गुटगुटीत आहे हो!" आत गेल्यावर मॅडमचा चेहरा मात्र गंभीर झाला. डायपरच्या पुरळावर कुणीतरी दिलेलं क्लोबेटासोलचं मलम कित्येक महिने रोज लावलं जात होतं. ते रक्तात उतरून बाळाच्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलं होतं. असं झालं की चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, वजन वाढतं आणि उंची खुंटते. त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. आणि असं औषध एकदम तोडताही येत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावं लागतं. त्या आजी रडत बाहेर आल्या. त्यांचा काय दोष होता? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

३. किती लावायचं ते बोटावर मोजता येतं

"थोडंसं लावा" या सूचनेनं काहीच कळत नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सुरकुतीपासून टोकापर्यंत मलमाची एक रेघ काढायची. साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. हे माप मोठ्या माणसाच्या बोटाचं, मलम लहान मुलाला लावायचं असलं तरीही. एक ते दोन वर्षांच्या मुलाचा अख्खा हात पंज्यासकट इसबानं भरला असेल तर अशा दीड रेघा लागतात, अख्ख्या पायाला दोन.

आमच्या मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं होतं, "रिकाम्या ट्यूबा टाकू नका, पुढच्या वेळी घेऊन या." किती ग्रॅम संपले यावरून त्यांना कळायचं की औषध जास्त लागतंय की भीतीपोटी कमी.

४. पांढरा डाग दिसला की मलमालाच दोष देऊ नका

आपल्या सावळ्या कातडीवर ही काळजी सगळ्यांत आधी डोकं वर काढते. मुलाच्या गालावर फिकट पट्टे दिसू लागले तेव्हा घरात एकदम कुजबुज सुरू झाली, "कोड तर नाही ना?" सासूबाईंनी तर मलमाची ट्यूब कपाटात लपवून ठेवली. वास्तविक इसब ओसरताना त्या जागी काही काळ फिकट डाग राहतात. ते आजाराचे असतात, हळूहळू भरून येतात, आणि उन्हानं आजूबाजूची कातडी काळवंडली की आणखीच उठून दिसतात. स्टेरॉइडनंही रंग फिका पडू शकतो हे खरं. तो बहुधा जहाल मलम एकाच जागी फार दिवस लागल्यावर पडतो.

स्टेरॉइडनं होणारी खरी हानी वेगळी दिसते. कातडी कागदासारखी पातळ नि चकचकीत होते. तिच्यातून बारीक लाल शिरा दिसू लागतात. नुसत्या धक्क्यानं काळंनिळं होतं. काखेत, जांघेत, मांड्यांवर गरोदरपणात पडतात तसे वळ उमटतात. चेहऱ्यावर मुरुमं येतात, लव वाढते. कातडी नुकती पातळ होऊ लागली असेल तर औषध थांबवल्यावर बरीचशी पूर्ववत होते. ते वळ मात्र एकदा पडले की फिके होतात, जात नाहीत. म्हणून आंघोळीच्या वेळी उजेडात मुलाची काख आणि जांघ पाहायची सवय मी लावून घेतली. तो मोठा झाल्यावर त्याला स्वतःला आरशात पाहायला शिकवलं.

५. नायट्याला इसबाचं मलम लावू नका

याविषयी मला फार पोटतिडकीनं सांगायचं आहे, कारण आमच्या सोसायटीत, गावाकडे, कुठंही जा, हा प्रकार दिसतोच. उन्हाळा-पावसाळ्यात घामानं जांघेत नायटा होतो. तो बुरशीचा. माणूस मेडिकलच्या दुकानात जातो नि म्हणतो, "भाऊ, खाजेवर काहीतरी द्या." आणि हातात पडतं ते एक मिश्रण: क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड, त्यात बुरशीवरचं एक औषध, एक-दोन जंतुनाशकं. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड सूज दाबतं. पण बुरशीशी लढायची कातडीची ताकदही त्यानंच दबते. नायटा पसरतो, कडांचं वर्तुळ मोडतं आणि पुढं डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. या वेष पालटलेल्या नायट्याला १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी टिनिया इनकॉग्निटो असं नाव दिलं होतं. मलम थांबवलं की तो उफाळतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा फार बोकाळला आहे, आणि त्यामागच्या कारणांत त्वचारोगतज्ज्ञ या मिश्र मलमांचं नाव ठासून घेतात.

ट्यूबच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. लावायच्या कित्येक स्टेरॉइडांना या नियमातून पळवाट होती. ती बुजवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून अशी अनेक स्टेरॉइडं शेड्यूल एच या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली. नियम झाला, तरी दुकानात चिठ्ठी मागतातच असं नाही. तेव्हा ती लाल रेघ आपणच पाहायची. घरात इसबासाठी आणलेली ट्यूब दुसऱ्या कुणाच्या खाजेवर द्यायची नाही, कितीही जवळचं माणूस असलं तरी.

६. चेहऱ्यावर तर मुळीच नाही

उजळपणासाठी म्हणून खपणाऱ्या काही क्रीममध्ये मोमेटासोनसारखं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं त्रिकूट असतं. ते वांगाच्या डागांवर डॉक्टरांनी थोड्या काळापुरतं द्यायचं औषध आहे. मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून लग्नाआधी सुरू करतात, पहिले काही आठवडे चेहरा खरोखर तुकतुकीत दिसतो, आणि थांबवलं की लालभडक होऊन आग आग होते. माझ्या भाचीचं असंच झालं, तिला ऊन सोडाच, गॅसची झळही सोसवेना. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं स्वतंत्र नावच देऊन टाकलं आहे, इतके रुग्ण त्यांच्याकडे येतात. पूर्ववत व्हायला तिला महिने लागले.

७. भीतीनंही नुकसान होतं

इतकं सगळं वाचून कुणी ट्यूब फेकून देणार असेल तर कृपा करून हे आधी वाचा.

इसब आटोक्यात नसलेलं मूल रात्रभर झोपत नाही. पलंगाच्या कडेला अंग घासतं, चादरीवर रक्ताचे डाग पडतात, नखांखाली कातडी अडकते. सकाळी शाळेत डोळे मिटतात. खाजवून उघड्या पडलेल्या जागी स्टॅफिलोकोकस जंतू शिरतात, पिवळी खपली धरते, ताप येतो. हे सगळं मी पाहिलं आहे, आणि मला ते कुठल्याही माहितीपत्रकातल्या यादीपेक्षा भयंकर वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका घरी "स्टेरॉइड नको" म्हणून नुसत्या लेपांवर आणि पथ्यांवर दिवस काढले. दूध बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. मूल वाळत गेलं नि इसब तसाच राहिला. शेवटी योग्य ताकदीचं स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी नेमून दिलं, आठवड्याभरात ते पोर शांत झोपू लागलं.

१९५२ साली सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीला लावून इसब बरा होतो हे दाखवलं. त्याआधी डांबराची मलमं आणि पट्ट्या यांपलीकडे फारसं काही नव्हतं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापानं, ठरलेल्या दिवसांपुरतं लावलेलं मलम बहुतेक मुलांना काहीही अपाय करत नाही. भीती वाटली तर ट्यूब लपवू नका, डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: हे कोणत्या पायरीचं आहे, कुठं लावायचं नाही, आणि थांबवायचं कधी.

८. टॅक्रोलिमस सुरुवातीला चुरचुरतं

चेहरा, पापण्या, मान अशा नाजूक जागांसाठी डॉक्टर बऱ्याचदा टॅक्रोलिमस देतात. ते स्टेरॉइड नाही, त्यानं कातडी पातळ होत नाही. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या परिसरातल्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते पोटातून देतात आणि इसबावर त्याचं मलम येतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी ते मंजूर नाही, पंधरा वर्षांपर्यंत ०.०३ टक्क्यांचं आणि त्यापुढं ०.१ टक्क्याचंही वापरतात.

पहिल्या काही दिवसांत लावल्यावर आग होते, खाज वाढल्यासारखी वाटते. कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस "हे मलम बाधलं" म्हणून सोडून देतो. बहुतेकांची ही आग आठवड्याभरात ओसरते. नागपूरच्या मे महिन्यात तर मुलगा कळवळायचा. मॅडमनी सांगितलं की ट्यूब लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं आणि थंड होऊ द्या, मग लावा. त्यानं पुष्कळ फरक पडला. उन्हात जायचं तर ती जागा झाकायची. मोठ्या माणसांपैकी काहींचा चेहरा हे मलम चालू असताना मद्य घेतल्यावर लालबुंद होतो, तेही ठाऊक असावं.

माहितीपत्रकावर चौकटीत कर्करोगाचा उल्लेख वाचून मी स्वतः हादरले होते. ती चौकट अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ साली घातली. आधार होता प्राण्यांवरचे प्रयोग आणि काही रुग्णांच्या सुट्या नोंदी. मलमामुळेच कर्करोग झाला असं त्यातून सिद्ध झालं नव्हतं. पुढं हे मलम वापरलेल्या जवळजवळ आठ हजार मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास झाला, त्यात अपेक्षेपेक्षा जास्त कर्करोग आढळले नाहीत. पोटातून दिलेल्या औषधाची रक्तातली पातळी आणि मलमानं होणारी पातळी यांत फार अंतर आहे. हे कळल्यावर माझी धास्ती गेली, तरी पातळ थर लावायचा आणि जखमेवर लावायचं नाही हे पथ्य आम्ही पाळतोच.

९. मलमानंच इसब वाढतो, असंही होतं

माझ्या सासऱ्यांच्या घोट्यापाशी, सुजलेल्या शिरांमुळे इसब होता. स्टेरॉइड आणि निओमायसिन असलेलं क्रीम त्यांना दिलेलं होतं. जखम ना बरी होई ना चिघळे. शेवटी पॅच टेस्ट केली. पाठीवर संशयित पदार्थांचे छोटे थेंब चिकटपट्टीखाली ठेवतात, दोन दिवसांनी पट्टी काढून पाहतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. त्यांना निओमायसिनचीच ॲलर्जी निघाली. त्यातलं स्टेरॉइड ॲलर्जी झाकत होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पायाच्या जुनाट इसबात हे बरंच आढळतं. क्वचित ॲलर्जी खुद्द स्टेरॉइडचीही असते. ठरवलेलं मलम नीट लावूनही इसब हटत नसेल तर आणखी जहाल मलम मागण्याआधी ही चाचणी मागावी.

१०. थांबायचं नाही, तडक निघायचं

इसबाच्या जागेवर एकसारख्या दिसणाऱ्या, दुखऱ्या, मध्ये खळगा असलेल्या पुळ्या झपाट्यानं उठल्या आणि ताप आला, तर तो नागिणीच्या जातकुळीच्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. मलमं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रात्र असेल तर रात्री.

११. दिव्यापासून जपा

औषधी मलम असो की नुसतं व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, त्याचा अंश कपड्यांत, चादरीत मुरतो आणि धुऊनही पूर्ण जात नाही. असा कपडा पेटला तर आग भडकन पसरते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०१८ साली सगळ्याच स्निग्ध मलमांबद्दल असा इशारा दिला. दिवाळीत पणत्यांजवळ, फटाक्यांजवळ मुलाला मी मलम न लागलेले कपडे घालायला लावते.

१२. बिघाड झालाच तर कळवा

जहाल मलम पुष्कळ दिवस चाललं असेल तर मनानं एकदम बंद करू नका. डॉक्टर आधी हलक्या पायरीवर आणतात, मग आठवड्यातून दोनदा, इसब वारंवार उठणाऱ्या जागांवरच लावायला सांगतात. एवढ्यानंच माझ्या मुलाचे कित्येक हिवाळे सुखाचे गेले.

आणि मलमानं खरोखर अपाय झाला तर तो डॉक्टरांना सांगूनच थांबू नका. भारत सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक स्वतः कळवू शकतात. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, कुठं आणि किती दिवस लावलं, काय झालं, एवढं लिहून ठेवा आणि उजेडात काढलेला फोटो जपा. ट्यूब टाकू नका. बॅच नंबर तिच्या दुमडलेल्या टोकावर उमटवलेला असतो, आणि शेवटचं मलम काढायला आपण नेमकं तेच टोक गुंडाळत किंवा कापत असतो. तो आधीच वहीत उतरवून घ्या.